नावापुढे फक्त ‘बाई’

पत्र इंग्रजीत, मायना मात्र मराठी: ‘आजीबाई’. पंडिता रमाबाई वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनला अशी पत्रे लिहीत. ऑक्सफर्डजवळच्या या लहानशा गावात सेंट मेरी द व्हर्जिन नावाचा धर्मभगिनींचा संघ होता. त्या संघाच्या काही सिस्टर पुण्यात काम करीत. तिथल्या ओळखीतून रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला होता. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा आणि चिमुकल्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मनोरमेला जेराल्डिनचा लळा लागला. मुलीची आजीबाई ती आईचीही आजीबाई झाली.

पण या आजीबाईशी रमाबाईंचे पटत होते असे मुळीच नाही. पत्रे वाचली की लक्षात येते, निम्मा वेळ भांडणच चालले आहे. सिस्टरांच्या गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंचे म्हणणे, मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही, मग माझ्या क्रुसावर संस्कृत अक्षरे का नकोत? अंडे घातलेले पुडिंग त्या खात नसत आणि ते का खात नाही हेही स्पष्ट सांगत. पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंनी दिलेली उत्तरे आजही वाचताना अंगावर काटा येतो. पंचविशीतली विधवा, परका देश, परकी भाषा, नुकताच घेतलेला धर्म. आणि ही बाई विचारते की माझ्या सदसद्विवेकबुद्धीवर दुसऱ्याचा अधिकार कुठून आला.

जेराल्डिनला हे सगळे रुचत नव्हते. रमाबाई हट्टी आहेत, नम्र नाहीत, असे तिचे मत होते आणि ते तिने लपवले नाही. तरीही तिने एकेक पत्र जपून ठेवले. रमाबाईंची, मनोरमेची, चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची, स्वतःची, बिशपांची. पुढे ती सगळी क्रमाने लावली, त्यांना टिपणे जोडली. आपल्याविरुद्ध जाणारी पत्रे तिने फाडून टाकली असती तर तिला कोण विचारणार होते? तिने फाडली नाहीत. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली हा पत्रसंग्रह छापला. रमाबाईंना जाऊन तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती. आज रमाबाईंवर जे गंभीर लेखन होते ते या संग्रहाला वळसा घालून होऊच शकत नाही.

रमाबाईंबरोबर बोटीत आणखी एक मराठी बाई होती, आनंदीबाई भगत. त्याही शिकण्यासाठी निघाल्या होत्या. इंग्लंडला पोचल्यावर काही महिन्यांतच त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या मनात काय चालले होते ते सांगणारे त्यांच्या हातचे काही आपल्यापुढे नाही. रमाबाईंच्या चरित्रात त्या दोन-चार ओळींपुरत्या येतात, तेही मरणासाठी. दोघी एकाच बोटीतून उतरल्या, आणि एकीचेच आयुष्य आपल्यापर्यंत पोचले.

ख्रिस्ती मंडळीसाठी राबलेल्या मराठी स्त्रियांच्या आयुष्यांचा शोध घेताना मला वारंवार हेच दिसत आले आहे. जिचे आयुष्य आज आपल्याला वाचता येते, तिच्याजवळ तो कागद जपणारे एखादे माणूस होते. मोठेपणाचा त्याच्याशी संबंध थोडाच.

लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा. १८६८ साली त्र्यंबकेश्वराजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरात जन्मलेली मनकर्णिका. घरात सोवळे इतके कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. नवरा जिवंत असून नवऱ्याविना राहायचे, लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपुरात दिवस काढायचे, लोकांचे बोलणे ऐकायचे. काही वर्षांनी त्या टिळकांकडे गेल्या, पण धर्म सोडून नव्हे. सोवळे घेऊनच गेल्या. ते त्यांच्या मनातून हळूहळू, त्यांच्याच विचाराने, उतरले. १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरला मिशनच्या परिसरात टिळकांच्या घरी कोण येई, कोण राही याला मोजदाद नव्हती. अनाथ मुले, विद्यार्थी, नव्याने धर्मात आलेले, उपाशी, आजारी. या सगळ्यांचे करायला लक्ष्मीबाई. टिळक पगार वाटून मोकळे होत, आणि चूल पेटवायची कशाने हा प्रश्न घरातल्या बाईपुढे उरे. प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची सेवाही त्यांनी केली. मंडळीची सेवा म्हणतात ती हीच. व्यासपीठावरची सेवा तिचा फार लहान भाग.

९ मे १९१९ ला टिळक गेले. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यांनी आईला सांगितले, तुला आठवेल ते लिहून काढ. म्हणजे मागितल्या होत्या टिळकांच्या आठवणी. आईने लिहायला घेतले आणि टिळकांबरोबर तीही पानोपानी उभी राहिली. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई बोलते तशी लिहीत गेली. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई वारल्या. मराठीतले हे अव्वल दर्जाचे आत्मचरित्र आहे हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. पण ते लिहिले गेले ते मुलाने विचारले म्हणून. पुढे नातवाने, अशोक टिळकांनी, ते टिपांसह साक्षेपाने संपादित केले. तीन पिढ्यांनी मिळून एक आयुष्य सांभाळले आहे.

त्या पुस्तकात लक्ष्मीबाईंच्या आसपास किती बायका आहेत! बहिणी, शेजारणी, मिशनच्या शाळेतल्या मुली, टिळकांनी घरी आणलेल्या पोरी. त्यांच्यापैकी कित्येकजणींचा दुसरा लेखी पुरावा जगात कुठे असेल असे मला वाटत नाही. लक्ष्मीबाईंनी लिहिले नसते तर त्यांच्याबरोबर त्याही गेल्या असत्या.

लक्ष्मीबाईंच्या आधीही एका मुलीने आईचे आयुष्य असेच कागदावर उतरवले होते. हरिपंत खिस्ती हे नगरला सुरुवातीला ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांपैकी एक. त्यांची बायको राधाबाई त्यांच्यामागून या धर्मात ओढली गेली. आपल्या घराचा, देवाचा, नात्यांचा धागा असा एका दिवसात तुटताना त्या तरुण मुलीला काय झाले असेल? त्यांना चौदा मुले झाली. त्यांतली तेरावी कृपाबाई, जन्म नगरचा, १८६२ चा. ती मद्रासला वैद्यकी शिकायला गेली, प्रकृती साथ देईना म्हणून ते सोडावे लागले, आणि तिने लेखणी हातात घेतली. तिच्या ‘सगुणा’ या इंग्रजी कादंबरीच्या सुरुवातीला आईवडिलांचीच गोष्ट येते. कादंबरी पुस्तकरूपाने निघाली १८९५ साली, कृपाबाईंच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. त्या गेल्या तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस. राधाबाईंची व्यथा टिकली ती मुलीमुळे. पण ती इंग्रजीत आहे, आणि नगरच्या मराठी घरांतून ती आजही फारशी वाचली जात नाही याचे मला फार वाईट वाटते.

इथवर ज्यांची नावे घेतली त्या सगळ्या शिकलेल्या, किंवा शिकलेल्यांच्या घरातल्या. आता ज्यांच्याविषयी मला खरे लिहायचे आहे त्यांच्याकडे येतो.

अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली. नगरचे ठाणे १८३१ चे. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ च्या डिसेंबरात मुंबईला आली आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवीत राहिली. १८६२ साली नगरलाच तिचा मृत्यू झाला. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याची ओढ त्यांना तिथून लागली, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. म्हणून मिस फरारचे नाव मराठी इतिहासात आले. पण या शाळांतून शिकून पुढे स्वतः शिकवायला उभ्या राहिलेल्या पहिल्या मराठी बायका कोण होत्या? त्या कुठल्या गावच्या, कुणाच्या, किती वर्षे शिकवीत होत्या?

यांच्यानंतरची पिढी बायबल वूमनची. इंग्रजी शब्द, पण मराठी मंडळीत तो आपलासा झाला. १८५७ साली लंडनमध्ये एलन रॅनयार्ड यांनी गरीब वस्त्यांमध्ये त्याच वस्त्यांतल्या बायकांना पगार देऊन पवित्र शास्त्र घेऊन पाठवायला सुरुवात केली. ती पद्धत मिशनांनी इकडे उचलली. कारण सरळ होते. पुरुष उपदेशक गावच्या पारावर बोलू शके, माजघरात त्याला प्रवेश नव्हता. मिससाहेब आत जाऊ शके, पण ती परकी. तिच्या बुटांकडे आणि टोपीकडे बघण्यातच बायकांचा वेळ जाई. नऊवारी नेसलेली, आपल्यासारखीच बोलणारी, जात्यावर हात लावणारी बाई आत जाऊन बसली की मात्र गोष्टी सुरू होत.

नगर, वडाळा, राहुरी, शिरूर, सातारा, सोलापूर: मिशनच्या प्रत्येक ठाण्याभोवतीच्या खेड्यांत या बायका पायी जात. सहसा दोघीदोघींनी. पिशवीत शुभवर्तमानाच्या छोट्या पोथ्या, एखादे चित्र, भजनाचे पुस्तक. पुष्कळजणी विधवा. पुष्कळजणी महार-मांग समाजातून आलेल्या, ज्यांच्या आयांना आणि आज्यांना अक्षराला शिवण्याची मुभा नव्हती. त्या आता चावडीपाशी बसून मोठ्याने वाचत होत्या. मला या एका दृश्याचे फार मोल वाटते. धर्म कुठलाही असो, १८७०-८० च्या सुमारास महारवाड्यातली एक बाई छापील पान उघडते आणि चार बायका भोवती बसून ऐकतात, हे महाराष्ट्राच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखे आहे. वाचून झाले की ती एखादीला अक्षरे गिरवायला लावी. कुणाचे मूल तापाने फणफणले असेल तर त्याला दवाखान्यात न्यायला सांगे. बाळंतिणीपाशी बसे. मयताच्या घरी बसे.

वाडे तिला बंद होते. काही गावांत विहीरही. शिव्या खाव्या लागत, दोन्हीकडच्या. धर्म सोडला म्हणून एकीकडून, आणि जातीवरून दुसरीकडून.

यांच्या पगाराचे पैसे कुठून येत? १८६८ साली बॉस्टनला विमेन्स बोर्ड ऑफ मिशन्स ही बायकांची संस्था निघाली. अमेरिकेतल्या गावोगावच्या चर्चमधल्या बायका तिच्यासाठी वर्गणी गोळा करीत, आणि त्या वर्गणीवर इकडची एखादी शाळा, एखादी बायबल वूमन पोसली जाई. वर्गणी देणाऱ्यांना हिशेब द्यावा लागे, म्हणून मिशनरी बायका पत्रे लिहीत. ती पत्रे संस्थेच्या मासिकात छापली जात. हे मासिक १८६९ पासून निघू लागले. त्यामुळे असे घडले की नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या बाईच्या आयुष्यातला तुकडा मराठीत कुठेच नाही, आणि बॉस्टनला छापलेल्या इंग्रजी मासिकात आहे. मिशनचे मूळ कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात आहेत. त्या बाईच्या पणतीला पणजी शोधायची तर समुद्र ओलांडावा लागेल.

आणि तिथे गेले तरी काय हाती लागेल? एक नाव आणि त्यापुढे ‘बाई’. आडनाव सहसा नाही, गाव असलेच तर रोमन लिपीत ओळखू न येण्याइतके मोडलेले. या महिन्यात किती घरी गेली, किती बायकांनी ऐकले. निष्ठावान आहे, श्रद्धा साधी आहे, प्रसन्न असते. हे शब्द खोटे नाहीत, ते लिहिणाऱ्या मिससाहेबांची मायाही खरी असेल. पण ते वर्गणीदारांसाठी लिहिलेले आहेत. धर्म बदलल्यावर माहेर तुटले की नाही, ती खेड्यांत फिरत असता घरी तिची पोरे कोण सांभाळी, तिला कधी शंका आली का, मिससाहेबांचा राग आला का, पाळकाच्या निर्णयाला ती कधी विरोध करू शकली का, यांतले काही त्या पत्रांत विचारलेच गेले नाही. रमाबाईंची भांडणे टिकली म्हणून रमाबाई आपल्याला जिवंत वाटतात. या बायकांचे फक्त गुण टिकले.

मराठीत त्यांचा एक मोठा आसरा म्हणजे ‘ज्ञानोदय’. १८४२ साली नगरला सुरू झालेले हे पत्र. मंडळीतले कुणी प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाले की त्यात चार ओळी येत, कधी अर्धा रकाना. अशा मृत्युलेखांतून बाईचे गाव, तिचे नातेवाईक, तिने केलेले काम यांचा पत्ता लागतो. मरणानंतर का होईना, मराठीत, ओळखीच्या माणसाने लिहिलेले. जुन्या अंकांची पाने आता हाताळली तरी तुटतात.

रमाबाईंनी केडगावला उभ्या केलेल्या मुक्ती मिशनमध्ये वेगळी चाल पडली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, पुढच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी. १९०० च्या सुमारास मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. यांपैकी काही मुलींच्या साक्षी मुक्तीच्या ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रिकेत आल्या. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला दिली, बाईमाणसाला समजेल अशा सोप्या मराठीत. मूळ भाषेतून करायचे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर छापले केडगावलाच, आणि खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच मुली-बायका. दुष्काळात रस्त्याच्या कडेला मरायला टेकलेली पोर, तिला अन्न मिळाले, मग अक्षर मिळाले, आणि मग ती त्या अक्षराचा शिशाचा खिळा उचलून उलट्या ओळीत बसवू लागली. एकेक ओळ, एकेक पान, संबंध पवित्र शास्त्र. मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. त्यावर रमाबाईंचे नाव आहे आणि ते असायलाच हवे. खिळे उचलणाऱ्या त्या बोटांची नावे सांगणारे आज किती जण सापडतील?

शिकलेल्या बायकांनाही विसर चुकला नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन आल्या आणि काम सुरू होण्याआधीच गेल्या. त्यांची चरित्रे निघाली, नाटक झाले, चित्रपट झाला. ते योग्यच आहे. त्याच महाविद्यालयातून १८९२ साली गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ रोगी तपासले, विशेषतः ज्यांना कुणी जवळ करीत नव्हते अशा गरीब, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बायका. त्यांचे नाव किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? आनंदीबाईंचे आयुष्य त्यांच्या मरणानंतर लगेच काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेने हाती घेतले. गुरुबाईंना अशी काशीबाई भेटली नाही.

मंडळीने स्वतःकडे पाहण्याचीही यात वेळ आहे. देवळांच्या शताब्दीचे ग्रंथ मी आवडीने वाचतो. त्यांत पाळकांची छायाचित्रे ओळीने असतात, कुणी किती साली आले आणि गेले ते असते. मिशनरी असतात. स्त्रियांसाठी बहुधा एक पान असते: महिला मंडळाचा समूहफोटो, खाली नावे नाहीत. पन्नास वर्षे रविवारची शाळा चालवलेली बाई त्या फोटोत दुसऱ्या रांगेत उभी असते. तिला ओळखणारे शेवटचे माणूस गेले की ती एक अनोळखी म्हातारी होऊन जाते.

म्हणून वाचकांना माझे हात जोडून सांगणे आहे. घरातले जुने पवित्र शास्त्र उघडून त्याच्या कोऱ्या पानांवर काय लिहिले आहे ते पाहा. जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू यांच्या तारखा आज्या तिथेच लिहून ठेवत. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदवह्यांची पाने पाळकांच्या परवानगीने छायाचित्रात उतरवून घ्या, वाळवी लागण्याआधी. समूहफोटोच्या मागे नावे लिहा. आणि मंडळीत आज जी ऐंशी-पंच्याऐंशीची बाई असेल, जिची आई किंवा सासू बायबल वूमन होती, मिशनच्या शाळेत मास्तरीण होती, दवाखान्यात नर्स होती, तिच्याजवळ जाऊन बसा. मोबाइल चालू ठेवा आणि तिला तिच्या बोलीत बोलू द्या. चांगले तेवढेच विचारू नका. कोण रागावले, कुठे अडले, कशाची भीती वाटली, कुणाशी पटले नाही, तेही विचारा, आणि ती सांगेल ते न गाळता लिहा.

सुरुवात तिच्या पूर्ण नावाने करा: तिचे, तिच्या आईचे, आणि गावाचे.